निनावीरावांची गोष्ट

जपानी भाषेत 'नानाशी-सान' असा एक शब्द आहे. 'ना' म्हणजे नाव, 'नाशी' म्हणजे नसलेला, आणि 'सान' म्हणजे आपलं राव किंवा साहेब. थोडक्यात, निनावीराव! जपानमधल्या एका मेसेज बोर्डवर तुम्ही नावाची चौकट रिकामी सोडलीत की आपोआप हे नाव पडायचं. आणि गंमत म्हणजे जवळजवळ सगळेच ती रिकामी सोडायचे. म्हणजे निनावीरावांनी प्रश्न विचारायचा, निनावीरावांनी उत्तर द्यायचं, मग तिसऱ्या निनावीरावांनी येऊन दोघांना शिव्या घालायच्या.

या बोर्डाचं नाव 'नि-चान्नेरु', म्हणजे दुसरं चॅनल. इंटरनेटवर नाव लपवून लिहावं की नाही, वाईट मजकूर कोणी काढायचा आणि पोलिसांनी कुठवर शिरायचं, यावर आपल्याकडे जेव्हा जेव्हा वाद होतो तेव्हा मला या बोर्डाचा इतिहास आठवतो. कारण आज आपण ज्यावर भांडतो ते जवळपास सगळे प्रयोग तिथे आधीच करून झालेत. कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या तुरुंगवासाने, ते पुढे येईलच.

तर सुरुवात १९९९ सालची. हिरोयुकी निशिमुरा नावाचा बाविशीतला जपानी विद्यार्थी अमेरिकेत, आर्कान्सॉ राज्यातल्या कॉनवे या लहानशा गावी शिकत होता. मे १९९९ मध्ये त्याने हा बोर्ड सुरू केला. त्याआधी 'आमेझो' नावाचा एक लोकप्रिय बोर्ड होता आणि तो सारखा बंद पडायचा. तो पहिला, म्हणून हा दुसरा.

आपल्या धंद्यातल्या माणसाला आवडेल असं त्याचं डिझाइन होतं. पर्लमध्ये लिहिलेली एक साधी सीजीआय स्क्रिप्ट आणि प्रत्येक धाग्याची एक टेक्स्ट फाइल. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, ईमेल पडताळणी नाही. एका धाग्यात जास्तीत जास्त १००० प्रतिसाद, मग धागा बंद. पुढे बोलायचं असेल तर नवा धागा काढा. कोणी लिहिलं की धागा यादीत वर यायचा. 'मला बोलायचंय पण धागा वर आणायचा नाही' असं असेल तर ईमेलच्या चौकटीत 'सागे', म्हणजे खाली, असं लिहायचं.

आता प्रश्न असा की सगळेच निनावी, मग ओळखायचं कसं? त्यावर दोन युक्त्या होत्या. एक म्हणजे 'ट्रिप'. नावापुढे हॅशचं चिन्ह टाकून पासवर्ड लिहायचा, सर्व्हर तो कूट करून एक अक्षरांची माळ दाखवणार. माळ तीच तर माणूस तोच. खातं न उघडता ओळख! दुसरी युक्ती रोजच्या आयडीची. अनेक विभागांमध्ये तुमचा आयपी अ‍ॅड्रेस आणि त्या दिवसाची तारीख मिसळून एक छोटा आयडी तयार व्हायचा. त्यामुळे एकच माणूस पाच जणांचं सोंग आणून स्वतःच्याच पाठीवर शाबासकी देत असेल तर पकडला जायचा, पण रात्री बारा वाजले की पाटी कोरी. काल काय बोललात ते आज तुमच्या मागे यायचं नाही. मला हे फार हुशारीचं वाटतं. नाव आणि अनोळख यांच्या मधली ही पायरी आजच्या भल्याभल्या कंपन्यांनाही सुचलेली दिसत नाही.

ऑगस्ट २००१ मध्ये गर्दी इतकी वाढली की सर्व्हरचा खर्च परवडेना आणि बोर्ड बंद होणार अशी आवई उठली. तेव्हा युनिक्सच्या विभागातल्या निनावीरावांनी एकत्र येऊन रात्रंदिवस कोड घासला, डेटा दाबून पाठवायची सोय केली आणि ट्रॅफिक एवढं खाली आणलं की बोर्ड वाचला. कोणी केलं? निनावीरावांनी. श्रेय घ्यायला नावच नाही! (आपल्याकडे स्टेटस रिपोर्टमध्ये नाव आलं नाही तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.)

२००४ साली याच बोर्डवर एका लाजाळू तरुणाने लिहिलं की ट्रेनमध्ये एका दारुड्याला अडवलं, आणि तिथल्या एका मुलीने आभार म्हणून भेट पाठवली आहे, आता मी काय करू? शेकडो अनोळखी लोक त्याला सल्ले द्यायला धावले. काय कपडे घाल, कुठे जेवायला ने, काय बोल. त्याच धाग्यांचं 'देन्शा ओतोको' हे पुस्तक त्याच वर्षी निघालं, २००५ मध्ये सिनेमा आणि टीव्ही मालिकाही आली. स्वतःच्या मित्रांना विचारायची ज्याला लाज वाटते त्याला निनावी मित्र भेटले. निनावीपणाची ही बाजू विसरू नये.

पण दुसरी बाजू त्याच्याही आधी समोर आली होती. ३ मे २००० रोजी एका १७ वर्षांच्या मुलाने सागाहून फुकुओकाला जाणारी बस सुरा दाखवून पळवली. एक महिला त्यात मारली गेली. निघण्याआधी त्याने याच बोर्डवर सूचक मजकूर टाकला होता. अख्ख्या जपानला या बोर्डाचं नाव कळलं ते असं. त्यानंतर 'अमुक ठिकाणी अमुक करणार' अशा धमक्या टाकायची साथच आली, आणि त्यातली खरी कुठली आणि टवाळी कुठली हे ओळखणं हा पोलिसांचा एक कायमचा उद्योग होऊन बसला.

आणि बदनामी तर रोजचीच. इथे मॉडरेशनचा प्रश्न येतो. हजारो धागे, पगारी माणूस नाही. मग 'साकुजोनिन', म्हणजे मजकूर काढणारे, असे स्वयंसेवक नेमले. त्यांची नियमावली होती. पण खरी मेख होती अर्ज करायच्या पद्धतीत. मजकूर काढायची विनंती बोर्डवरच, सगळ्यांच्या देखत करायची! हेतू असा की गुपचूप दबाव आणून कोणाला काही काढता येऊ नये. तत्त्व म्हणून छान. पण विचार करा, तुमच्याबद्दल कोणीतरी घाणेरडं लिहिलंय आणि ते काढा म्हणून तुम्हाला चारचौघांत दवंडी पिटायची आहे. जे दहा जणांनी वाचलं ते आता हजार जण वाचणार.

अशाच एका जनावरांच्या दवाखान्याबद्दल २००१ मध्ये बरंच काही लिहिलं गेलं. डॉक्टरांनी काढा म्हणून सांगितलं, ते निघालं नाही, मग ते कोर्टात गेले. जून २००२ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने निशिमुराला ४० लाख येन भरपाई द्यायला आणि मजकूर काढायला सांगितलं. डिसेंबर २००२ मध्ये टोकियो उच्च न्यायालयाने ते कायम केलं. न्यायालयाच्या विचाराचा गाभा नीट समजून घेण्यासारखा आहे. लिहिणारा कोण हे बोर्डवरून कळू शकत नाही, म्हणजे ज्याची बदनामी झाली त्याला दावा लावायला माणूसच उरत नाही. मग ज्याने ही व्यवस्था उभी केली आणि जो मजकूर काढू शकतो, त्यालाच कळल्यानंतर तो काढण्याची जबाबदारी घ्यावी लागेल.

म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव लपवलंत तर मालकाची मान अडकणार. आपली मान सोडवायची तर लिहिणाऱ्याचा माग ठेवायचा. जानेवारी २००३ मध्ये, म्हणजे उच्च न्यायालयाच्या निकालानंतर काही दिवसांतच, बोर्डवर सगळीकडे आयपी अ‍ॅड्रेस नोंदवायला सुरुवात झाली. निनावीराव एकमेकांना निनावीच राहिले, पण सर्व्हरला आता त्यांचा पत्ता ठाऊक होता.

दरम्यान मे २००२ मध्ये जपानमध्ये एक कायदाही लागू झाला होता. त्यात दोन गोष्टी होत्या. सेवा पुरवणाऱ्याची जबाबदारी कधी येते आणि कधी नाही याची मर्यादा, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला लिहिणाऱ्याची माहिती मागायचा हक्क. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात आधी बोर्डवाल्याकडून आयपी मिळवायचा, मग त्या आयपीवरून इंटरनेट कंपनीकडून नाव, आणि मग खरा दावा. तोवर कंपनीने जुना लॉग पुसलेला असायचा.

आणि निशिमुरा? त्याच्यावर डझनावारी दावे झाले. पुढे पुढे तो कोर्टात जाईचना, एकतर्फी निकाल लागत गेले आणि भरपाईची रक्कम साचत गेली. त्याने बहुतेक पैसे भरलेच नाहीत, आणि न भरल्याने फारसं काही बिघडत नाही हे तो उघड सांगायचा. २००९ च्या सुरुवातीला त्याने बोर्ड सिंगापूरच्या एका कंपनीला दिल्याचं जाहीर केलं. सर्व्हर अमेरिकेत, कंपनी सिंगापुरात, वाचणारे जपानमध्ये. समन्स कुठे बजावायचं ते शोधा!

आता पोलिसांकडे वळू. ८ जून २००८ रोजी टोकियोच्या अकिहाबारा भागात एका माणसाने ट्रक घुसवून आणि सुरा चालवून सात जणांना मारलं. त्याने मोबाइलवरच्या एका (दुसऱ्याच) बोर्डवर आधी सगळं लिहून ठेवलं होतं. सरकारने लगेच घोषणा केली की अशा धमक्या आपोआप शोधणारं तंत्रज्ञान विकसित करू, त्यासाठी कोट्यवधी येन खर्च करू. हे ऐकून एका प्रोग्रॅमरने काही दिवसांत फुकटात तशी साइट लाँच केली. बनवायला वेळ लागला दोन तास! सगळे प्रोग्रॅमर त्या दिवशी खूश झाले असणार. पण धमकी सापडणं वेगळं आणि धमकी देणारा सापडणं वेगळं, हे २०१२ साली कळलं.

ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो. २०१२ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये एकामागून एक धमक्या आल्या. योकोहामा महापालिकेच्या साइटवर एका शाळेत हत्याकांड करण्याची, ओसाका महापालिकेच्या साइटवर भर रस्त्यात कत्तलीची, एका बालवाडीला, आणि नि-चान्नेरुवर इसेचं प्रसिद्ध देवस्थान उडवून देण्याची. प्रत्येक वेळी पोलिसांनी लॉग मागवला, आयपी मिळाला, कंपनीकडून पत्ता मिळाला, माणूस उचलला. चार वेगवेगळ्या ठिकाणचे चार जण. त्यातल्या दोघांनी गुन्हा कबूलही केला.

चौघंही निर्दोष होते.

योकोहामाच्या प्रकरणात झालं असं, की एका १९ वर्षांच्या कॉलेजच्या मुलाने बोर्डवरच्या एका लिंकवर क्लिक केलं. त्या पानात एक लपवलेला फॉर्म होता. ब्राउझरने तो मुलाच्या नकळत महापालिकेच्या साइटवर पाठवून दिला. वेब डेव्हलपमेंट करणाऱ्यांना हा हल्ला माहीत असतो, त्याला आपण सीएसआरएफ म्हणतो. सर्व्हरच्या दृष्टीने विनंती त्या मुलाच्या मशीनवरूनच आली, आणि ते खरंही होतं! लॉग खोटं बोलला नाही. पण त्याच लॉगमध्ये आणखी एक गोष्ट होती. पान उघडल्यापासून मजकूर पाठवेपर्यंत दोनेक सेकंद गेले होते. एवढ्या वेळात काही ओळींची धमकी कोण टाइप करतं? पोलिसांनी आयपीची रकाना वाचला, वेळेचा रकाना वाचलाच नाही.

बाकीच्या तिघांच्या मशीनमध्ये ट्रोजन होता. बोर्डवर फुकट सॉफ्टवेअर म्हणून त्याची लिंक टाकली होती. खरा गुन्हेगार त्या मशीन्सना आज्ञा द्यायचा त्या आणखी एका मेसेज बोर्डवर मजकूर टाकून, आणि स्वतः टॉरमागे लपून. इसेच्या धमकीसाठी धरलेल्या माणसाच्या मशीनमध्ये ही फाइल सापडली आणि त्याला सोडलं, तेव्हा पहिल्यांदा पोलिसांच्या डोक्यात प्रकाश पडला. ऑक्टोबरमध्ये खऱ्या गुन्हेगारानेच एका वकिलाला आणि एका टीव्ही कंपनीला मेल करून 'हे सगळं मी केलं' म्हणून तपशील दिले. पोलिसांनी चौघांची माफी मागितली.

मला यात सगळ्यात अस्वस्थ करतं ते ट्रोजन नव्हे, ते कबुलीजबाब. न केलेल्या गुन्ह्याची कबुली, कारणासकट! एकाबद्दल तर बातम्यांत असं आलं की आपल्यासोबत राहणाऱ्या बाईने हे केलं असावं असं वाटून, तिला वाचवायला त्याने गुन्हा अंगावर घेतला. समोरचा अधिकारी जेव्हा 'कॉम्प्युटरमध्ये पुरावा आहे' असं ठामपणे सांगतो, तेव्हा साध्या माणसाकडे त्याला द्यायला उत्तर नसतं. कॉम्प्युटर म्हणतोय म्हणजे असेलच, असं तोही मानतो.

हे जपानचं झालं असं म्हणून हात झटकू नका. असाच प्रकार त्याच्या पाच वर्षं आधी आपल्या पुण्यात झाला होता. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल बदनामीकारक मजकूर आल्याची तक्रार झाली. भावना तापलेल्या, तपासावर दडपण. आयपीचा माग बंगलोरला गेला आणि ३१ ऑगस्ट २००७ रोजी पुणे पोलिसांनी तिथल्या एका आयटीवाल्या तरुणाला घरून अटक केली. तो ५० दिवस येरवड्याला होता. नंतर कळलं की इंटरनेट कंपनीने त्या आयपीचा ग्राहक म्हणून चुकीच्याच माणसाची माहिती दिली होती. तिथे ट्रोजन नव्हता, टॉर नव्हता, कोणी हुशार गुन्हेगारही नव्हता. नुसती नोंदीतली चूक!

ज्यांचा नेटवर्किंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे घराचा पत्ता नाही. तो लॉजमधल्या खोलीच्या नंबरासारखा आहे. खोली नंबर १२ मध्ये सकाळी एक पाहुणा, रात्री दुसरा. रजिस्टरमध्ये तारीख आणि वेळ बिनचूक पाहिली नाही तर भलताच माणूस हाती लागणार. शिवाय सर्व्हरचं घड्याळ अमेरिकेच्या वेळेवर असेल तर साडेनऊ ते साडेतेरा तासांचा फरक. आणि आता मोबाइल नेटवर्कवर एका आयपीमागे एकाच क्षणी शेकडो लोक असू शकतात, पोर्ट नंबर नोंदवलेला नसेल तर वेगळे करताच येत नाहीत. म्हणून लॉग ही तपासाची सुरुवात आहे. तो मशीनपर्यंत नेतो, खुर्चीवर कोण बसलंय ते सांगत नाही.

बरं, जपानमधला खरा गुन्हेगार सापडला कसा? तो स्वतः तिशीतला आयटीवाला निघाला (आपल्या जमातीची शान!). जानेवारी २०१३ मध्ये त्याने कोडी घातली, आणि एनोशिमा बेटावरच्या एका मांजराच्या गळपट्ट्यात मेमरी कार्ड चिकटवून ठेवलं. तिथल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोचले आणि फेब्रुवारीत अटक झाली. तो शेवटपर्यंत नाकारत राहिला. मे २०१४ मध्ये जामिनावर असताना 'खरा गुन्हेगार मीच, तो बिचारा निर्दोष आहे' असा मेल माध्यमांना आला. पण तो मेल ज्या फोनवरून गेला तो फोन नदीकाठच्या मातीत पुरताना या महाशयांना पाळतीवरच्या पोलिसांनी पाहिलं होतं. मग मात्र कबुली आली, आणि २०१५ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे टॉर फुटला नाही. माणूस फुटला, तोही मांजर, कॅमेरा, चिखल आणि पाळत या जुन्या मार्गांनी. एवढं सगळं दिसत असताना जपानी पोलिसांच्या एका तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये काय सुचवलं? तर इंटरनेट कंपन्यांनी टॉर अडवावा!

निनावीपणाची पुढची कसोटी त्याच वर्षी लागली. ऑगस्ट २०१३ मध्ये बोर्डची जुने धागे वाचायची पैसे घेऊन दिलेली सोय फुटली. हजारो लोकांची नावं, क्रेडिट कार्डं आणि त्यांनी निनावी म्हणून लिहिलेले मजकूर एकमेकांना जोडून बाहेर आले. काही लेखक आपल्याच स्पर्धकांवर चिखलफेक करताना उघडे पडले. लोक हसले. पण त्या यादीत फक्त टवाळखोर नव्हते. आजारपण, कर्ज, नवऱ्याचा मार, ऑफिसातला जाच याबद्दल नाव झाकून लिहिणारेही अशा ठिकाणी असतातच. साठवलेली यादी चांगल्या-वाईटाचा भेद करत नाही.

पुढचं थोडक्यात. २०१४ मध्ये सर्व्हर पुरवणाऱ्या अमेरिकन जिम वॉटकिन्सने बोर्डचा ताबा घेतला आणि २०१७ मध्ये त्याचं नाव 'फाइव्ह-चॅनल' झालं. २००१ च्या त्या संकटात आसरा म्हणून निघालेल्या 'फुताबा' बोर्डची नक्कल करून २००३ मध्ये अमेरिकेत फोर-चॅन जन्मलं होतं. ते २०१५ मध्ये विकत घेतलं कोणी? हिरोयुकी निशिमुराने! कायदाही हळूहळू सुधारला. ऑक्टोबर २०२२ पासून लिहिणाऱ्याची माहिती मागायला दोन फेऱ्यांऐवजी एकच कोर्टप्रक्रिया पुरते, आणि एप्रिल २०२५ पासून मोठ्या कंपन्यांना काढण्याच्या विनंतीवर ठरावीक मुदतीत उत्तर द्यावं लागतं. जनावरांच्या डॉक्टरांनी दावा लावला होता त्याला तोवर दोन दशकं उलटून गेली होती.

या सगळ्यातून मला दिसतं ते असं. 'निनावी असावं की नसावं' हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. निनावी कोणापासून? शेजारच्या वाचकापासून, बोर्डच्या मालकापासून, की न्यायाधीशापासून? या तीन वेगळ्या भिंती आहेत. पहिली भिंत भक्कम हवी, नाहीतर 'देन्शा ओतोको' घडत नाही. दुसरीमागे जितका कमी माल साठवाल तितका फुटायचा धोका कमी. आणि तिसरीला दार हवं, पण कुलूप असलेलं, आणि किल्ली कोर्टाच्या हाती. ते दार नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांसारख्यांनी कुठे जायचं? आणि कुलूप नसेल तर कोण रागावलाय आणि कोणावर दडपण आहे यावर निनावीरावांचं नशीब ठरणार.

आणि दार उघडून नाव मिळालं, तरी काम संपत नाही. ते नाव बरोबर आहे का हे तपासायला वेळेचा रकानाही वाचणारा माणूस लागतो. पुण्यात तो कोणी वाचला असता तर ५० दिवस वाचले असते.

असो. बरंच लांबलं. सोमवारी रिलीज आहे, तेव्हा आता थांबतो. तुमच्या सर्व्हरचे लॉग किती दिवस ठेवता आणि त्यातली वेळ कुठल्या टाइमझोनची आहे, तेवढं मात्र उद्या ऑफिसात गेल्यावर बघून ठेवा.